पाच दिवसांचे थेंब, एकविसावा दिवस

पत्र: आमचे मामाजी, म्हणजे सासरे, ६४ वर्षांचे आहेत. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. जिल्ह्याच्या दवाखान्यात उजव्या डोळ्याला लेझरनं छिद्र पाडलं, त्याला आज २१ दिवस झाले. तेव्हा पांढऱ्या औषधाची बाटली दिली होती, दिवसातून चार वेळा, पाच दिवस. त्या थेंबांनी डोळा मोकळा वाटतो म्हणून मामाजी अजूनही टाकतातच. पहिली बाटली बाराव्या दिवशी संपली, तर मेडिकलमधून दुसरी आणली. डोळ्याचा दाब कमी करायची आधीपासूनची बाटली मात्र ‘लेझर झालं, आता कायले पाहिजे’ म्हणून बंद केली. आठ दिवसांनी बोलावलं होतं, पण वावरात कपाशीची पराटी उपटणं सुरू होतं, जाणं झालं नाही. परवा माझ्या दिरांच्या डोळ्याला पराटीची काडी लागली. डोळा लाल झाला म्हणून त्यांनाही तेच थेंब टाकले. थोडं बरं वाटते म्हणतात. हे थेंब नेमके किती दिवस टाकायचे असतात?
– एक सून, जि. यवतमाळ

ताई, तुम्ही मामाजींचं विचारलंत, पण आधी दिरांचं बोलू, कारण त्यांच्याकडे वेळ कमी आहे.

पराटीची काडी, तुरीचं धसकट, ज्वारीचं पातं डोळ्याला लागलं की बुबुळावरची काच खरचटते आणि झाडावरची बुरशी त्या जखमेत शिरते. तुमची ती पांढरी बाटली बहुधा स्टेरॉइडची, म्हणजे दाह दाबणाऱ्या औषधाची. अशा डोळ्यात स्टेरॉइडचे थेंब पडले तर लाली उतरते, ठणका कमी होतो, आणि आत बुरशी मोकाट वाढते. शरीर जखमेशी लढतं तेव्हाच डोळा लाल होतो, सुजतो, दुखतो. स्टेरॉइड ती लढाईच थांबवतं. म्हणून ‘थोडं बरं वाटते’ हे दिरांचं वाक्य वाचून आमची काळजी वाढली. हे थेंब आत्ता बंद करा. डोळ्यावर पट्टी बांधू नका, चोळू नका. मध, तूप, अंगावरचं दूध यांतलं काहीही घालू नका. आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. तिथे हनुवटी टेकवून बसवायच्या यंत्रातून डोळा बघतात. गरज पडली तर जखमेचा कण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. बुरशी निघाली तर नॅटामायसिनसारखं वेगळं औषध सुरुवातीला तासातासाला टाकावं लागतं. बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल तर रात्र काढूच नका. तो ठिपका वाढला की डोळ्यात कायमचं फूल पडतं. ‘दोन दिवस स्टेरॉइडचे थेंब टाकले’ हे डॉक्टरांना न विसरता सांगा, कारण या थेंबांमुळे जखम आहे त्यापेक्षा बरी दिसू शकते.

मामाजींनाही त्याच गाडीत घेऊन जा. तेच शक्य नसेल तर उद्या, फार तर परवा. तोवर घरी करायचं ते एवढंच: पांढरी बाटली बंद करा, दाबाची बाटली आजपासून पुन्हा सुरू करा, आणि दवाखान्यात फोन करून ‘पाच दिवसांचे थेंब २१ दिवस पडले’ असं सांगा. हे थेंब इतके दिवस टाकून एकदम थांबवले तर क्वचित डोळा पुन्हा लाल होतो. तसं झालं तर आपल्या मनानं परत सुरू करू नका, तो निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांचा. दाबाचे थेंब चुकले म्हणून दुप्पट टाकायचे नाहीत, चिठ्ठीत असतील तेवढेच. त्या बाटलीवर टिमोलोल लिहिलेलं असेल आणि मधल्या काळात मामाजींना दम लागत असेल किंवा नाडी मंद चालत असेल, तर मात्र टाकण्याआधी डॉक्टरांशी बोला.

आता तुमचा प्रश्न. छिद्र पाडायच्या लेझरनंतर स्टेरॉइडचे थेंब बहुधा पाच ते सात दिवस देतात, दिवसातून चार वेळा. का देतात ते कळलं की किती दिवस टाकायचे हेही आपोआप कळतं. डोळ्यात सतत पाणी तयार होतं, मिनिटाला दोन-तीन मायक्रोलिटर. हे अश्रू नव्हेत, हे डोळ्याच्या आतलं पाणी. ते बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यामागून बाहुलीतून पुढे येतं आणि पडद्याच्या कडेच्या कोनातल्या बारीक जाळीतून निचरतं. मामाजींच्या डोळ्यात हा कोन अरुंद असणार, म्हणून रंगीत पडद्याच्या वरच्या कडेला लेझरनं बारीक छिद्र पाडून पाण्याला दुसरी वाट करून दिली. वावरात पाणी साचलं की बांध फोडून देतो, तसंच हे. छिद्र पाडताना पडद्याचे रंगकण उडतात, आत दाह होतो, आणि दाह राहिला तर पडदा मागच्या भिंगाला चिकटू शकतो किंवा नुकतंच पडलेलं छिद्र बुजू शकतं. स्टेरॉइडचं काम हा दाह बसवण्याचं. तो काही दिवसांत बसतो, तिथे थेंबांचं काम संपतं. डोळ्याचा दाब कमी करणं हे त्याचं काम कधीच नव्हतं.

उलट तेच औषध दाब वाढवतं. स्टेरॉइड बरेच दिवस पडत राहिलं की निचऱ्याच्या जाळीत नको ते साचतं, जाळी ताठ होते आणि पाणी तुंबतं. धड डोळ्यांच्या माणसांतही साधारण तिघांत एकाचा दाब असे थेंब काही आठवडे टाकल्यावर थोडाफार चढतो, आणि शंभरात पाच-सहा जणांचा खूपच चढतो. ज्यांना आधीच काचबिंदू आहे, त्यांच्यात हे प्रमाण कितीतरी जास्त. बहुतेकांचा दाब दोन ते सहा आठवड्यांत चढू लागतो, काचबिंदूवाल्यांचा त्याआधीही. मामाजी २१ व्या दिवशी आहेत, म्हणजे बरोबर त्या धोक्याच्या काळात. पाच दिवसांत थांबले असते तर ही भीती जवळजवळ नव्हती.

आणि हा दाब चढताना दुखत नाही, लाली येत नाही, अंधूकही दिसत नाही. साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा हा नेहमीचा दाब. तो हळूहळू ३५ पर्यंत गेला तरी माणूस बाजेवर बसून आरामात तंबाखू मळत असतो. मामाजींना डोळा मोकळा वाटतो तो याच औषधानं: धुळीनं होणारी खाज, चुरचूर, लाली ते दाबून टाकतं. पण डोळ्याची नस मरते ती आवाज न करता, कडेकडेनं दिसणं कमी करत, आणि मेलेली नस कुठल्याच औषधानं परत येत नाही. दाबाचं मात्र तसं नाही. थोड्याच दिवसांच्या वापरानं चढलेला दाब स्टेरॉइड थांबवल्यावर बहुतेकांत एक ते चार आठवड्यांत खाली येतो. म्हणून आत्ता थांबण्याला अर्थ आहे, घाबरण्याला नाही. चुरचूर खरंच होत असेल तर डॉक्टरांना सांगून साधे अश्रूंसारखे थेंब मागा, त्यांनी दाब वाढत नाही. कूलरचा झोत थेट तोंडावर घेऊन झोपणंही बंद करा. एप्रिल-मेमधली बरीच चुरचूर तिथूनच येते.

तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर आम्ही थांबलो: पहिली बाटली बाराव्या दिवशी संपली. अशा बाटलीत बहुधा ५ मिलिलिटर औषध असतं, म्हणजे ढोबळमानानं १०० थेंब. चार वेळा एक थेंब या हिशेबानं १२ दिवसांत ४८ थेंब लागतात. बाटली संपली याचा अर्थ मामाजी एका वेळी दोन थेंब टाकतात, किंवा निम्मं गालावरून खाली जातं, किंवा डाव्या डोळ्यातही पडतं. हे तिसरं त्यांना नक्की विचारा. तसं असेल तर दोन्ही डोळ्यांचा दाब मोजताना डॉक्टरांना ते कळायला हवं.

थेंब टाकण्याची रीत एकदा बसवून घेतली की औषध वाया जात नाही. हात साबणानं धुवा. पांढरं औषध असेल तर बाटली आधी चांगली हलवा. प्रेडनिसोलोन असिटेटचे कण पाण्यात विरघळलेले नसतात, तळाशी बसतात. न हलवता टाकलं तर आधी नुसतं पाणी पडतं आणि शेवटी घट्ट औषध. माणसाला बाजेवर उताणं निजवा, खालची पापणी बोटानं खाली ओढा, की आत लाल खोबण दिसते. तिथे बाटलीचं तोंड पापणीला न लावता वरून एकच थेंब सोडा. त्या खोबणीत एक अख्खा थेंबही धड मावत नाही, दुसरा तर गालावरच जातो. मग डोळा हलकेच मिटायचा, मिचकवायचा नाही, आणि नाकाजवळचा कोपरा बोटाच्या टोकानं दोन मिनिटं दाबून धरायचा. तिथून एक बारीक नळी नाकात उतरते. ती दाबली की औषध घशात जात नाही. थेंब टाकल्यावर घसा कडू होत असेल तर बोट चुकीच्या जागी आहे असं समजा. टिमोलोलला तर हे दाबणं फारच गरजेचं, कारण ते नाकावाटे रक्तात जाऊन छाती आणि नाडीवर परिणाम करतं. दोन वेगळी औषधं एकाच वेळी असतील तर मध्ये पाच ते दहा मिनिटं जाऊ द्या, पातळ औषध आधी, पांढरं शेवटी.

बाटल्या सारख्याच दिसत असतील तर दाबाच्या बाटलीला जाड रबर बांधून ठेवा. मामाजींना अक्षर दिसलं नाही तरी हाताला रबर लागेल. भिंतीवरच्या कॅलेंडरवर थेंब बंद करायच्या तारखेला मोठी फुली मारा. लेझरच्या दिवशीच ती फुली मारली असती तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती. हा दोष तुमचा नाही. दवाखान्यातून निघताना घाईत सांगितलेलं ‘पाच दिवस’ गर्दीत हरवून जातं.

उन्हाचंही बघा. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ ला टेकतो आणि टिनाच्या घरात त्याहून जास्त तापतं. डोळ्याचे बहुतेक थेंब २५ ते ३० अंशांखाली ठेवायचे असतात. फ्रीज नसेल तर बाटली झाकणाच्या डबीत घालून माठाखालच्या ओल्या रेतीवर ठेवा, पाणी आत शिरणार नाही अशी. फ्रीज असेल तर दारातल्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. मोटारसायकलच्या डिकीत किंवा वावरातल्या पिशवीत बाटली ठेवू नका. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा आणि महिना झाला की उरलेलं औषध फेका.

आता दाबाची बाटली, जी मामाजींनी बंद केली. ‘लेझर झालं म्हणजे थेंब सुटले’ हे गावात सगळेच म्हणतात, आणि ते एका वेगळ्या लेझरबद्दल अर्धं खरं आहे. एक लेझर छिद्र न पाडता सरळ निचऱ्याच्या जाळीवर मारतात, ज्यांचा कोन मोकळा असतो त्यांना. ब्रिटनमध्ये नवीन रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, २०१९ साली निकाल आला, त्या लेझरनंतर शंभरातले सुमारे पाऊणशे लोक तीन वर्षं थेंबांविना राहू शकले. पण त्याचाही परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर जुने थेंब डॉक्टर सांगेपर्यंत सुरूच ठेवायचे असतात. त्या लेझरनंतर काही डॉक्टर स्टेरॉइड देतच नाहीत, काही स्टेरॉइड नसलेले दाहशामक थेंब देतात. कोणा शेजाऱ्याला दिले नाहीत म्हणून कोणी चुकलं असं नाही. मामाजींचं लेझर मात्र छिद्राचं. ते पाण्याची अडलेली वाट मोकळी करतं, पण जाळी आधीच खराब झाली असेल तर दाब तरीही वर राहतो आणि थेंब चालू ठेवावेच लागतात. शिवाय एक साधी गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली: लेझर एकाच डोळ्याला झालं, थेंब दोन्ही डोळ्यांचे बंद झाले. डावा डोळा तीन आठवडे ना लेझरच्या भरवशावर, ना औषधाच्या.

डाव्या डोळ्याचंच आणखी एक. अरुंद कोन सहसा दोन्ही डोळ्यांत असतो, आणि दुसऱ्या डोळ्याचं लेझर बरेचदा पहिल्या तपासणीच्या वेळी किंवा त्याच्या आसपास ठरवतात. आठ दिवसांची तारीख चुकली, तेव्हा कदाचित तेही चुकलं. ते होईपर्यंत मामाजींना सर्दीच्या गोळ्या आणि पोटातल्या मुरड्याच्या गोळ्या विचारल्याशिवाय देऊ नका. त्यांतल्या काहींनी बाहुली मोठी होते आणि अरुंद कोन एकदम बंद होऊ शकतो. तसं झालं तर डोळा, कपाळ भयंकर ठणकतं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, धुरकट दिसतं आणि उलट्या होतात. आपल्याकडे उन्हाळ्यात डोकं दुखून उलटी झाली की ऊन लागलं असं समजून कैरीचं पन्हं देतात, कांदा चोळतात आणि दिवस जातो. काचबिंदूच्या माणसाला उलटी झाली तर आधी दोन्ही डोळे एकेक झाकून बघायला लावा. एका डोळ्यानं धूर दिसत असेल, तो लाल असेल, तर ते ऊन नाही. त्याच घडीला दवाखाना गाठायचा, कारण अशा वेळी नस तासांत खराब होते.

दवाखान्यात जाताना दोन्ही पांढऱ्या बाटल्या, रिकामीसुद्धा, दाबाची बाटली, जुना केसपेपर आणि मेडिकलचं बिल बरोबर घ्या. मेडिकलमधून आणलेली दुसरी बाटली पहिलीसारखीच आहे असं धरू नका. नाव वेगळं असेल तर तिच्यात जास्त तेज स्टेरॉइड असू शकतं. तिथे दाब मोजतील, छिद्र उघडं आहे का बघतील, आरसा असलेली काच डोळ्याला लावून कोन किती मोकळा झाला ते तपासतील. उजव्या आणि डाव्या डोळ्याचा दाब किती आला, ते दोन आकडे केसपेपरवर लिहून मागा. लेझरच्या दिवशीच्या आकड्यांशी ते ताडून पाहिले की स्टेरॉइडनं काय केलं ते तिथेच कळेल. दाब वाढलेला निघाला तर थेंब वाढवतील आणि बहुधा एक-दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावतील. ती तारीख चुकवू नका. दूर जायला नको म्हणून दाब फक्त मोजून घ्यायचा असेल तर तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी बसतात. त्यांच्याकडे दाब मोजायची सोय आहे का ते फोनवर विचारून जा. एसटीत तुमचं तिकीट अर्धंच लागेल, मामाजींना ती सवलत पुढच्या वर्षी ६५ पुरी झाल्यावर.

उरलेल्या बाटलीचं करायचं काय? पाच दिवसांचा कोर्स म्हणजे २० थेंब, आणि बाटलीत १००. म्हणजे घरोघरी ८० थेंब फळीवर उरतात, आणि नंतर कोणाचाही डोळा लाल झाला की हात तिकडेच जातो, जसा दिरांच्या बाबतीत गेला. पुढे मुलांच्या खाजऱ्या डोळ्यांसाठीही जाईल, आणि लहान मुलांच्या डोळ्यांत दाब मोठ्यांपेक्षा लवकर चढतो. म्हणून कोर्स संपला त्याच दिवशी ती बाटली मोरीत रिकामी करून फेका, पैशांचं तोंड बघू नका. मेडिकलवाल्याकडून डोळ्याचं औषध घेताना बाटलीवरची नावं वाचून घ्या, नाहीतर शाळकरी पोराकडून वाचून घ्या. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट, यातलं काहीही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे, मग त्याला जोडून मॉक्सिफ्लॉक्सासिनसारखं जंतुनाशक असो वा नसो. जंतुनाशकाच्या नावापुढे ‘डी’ किंवा ‘डीएक्स’ जोडलेलं असेल तर आत बरेचदा डेक्सामेथासोन असतं. काचबिंदूच्या माणसानं कुठल्याही दुखण्यासाठी, कुठल्याही डॉक्टरकडे गेल्यावर ‘मला काचबिंदू आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगायचं. गुडघ्यात मारलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन, दम्याचा स्टेरॉइडवाला पंप, अंगावरच्या गजकर्णाला लावायचं स्टेरॉइडवालं मलम डोळ्यांजवळ लागलं तर तेही, यांनी दाब चढू शकतो.

लेझरनंतर आंबट बंद, डोक्यावरून अंघोळ बंद, वाकायचं नाही, हे मात्र मामाजींना पाळायला लावू नका. या लेझरात डोळ्यावर चिरा नसतो, त्यामुळे तसलं पथ्यही नसतं. वावरात जायला हरकत नाही, फक्त पराटी उपटताना आणि धसकटं वेचताना साधा पारदर्शक चष्मा लावावा, मामाजींनी आणि दिरांनीही.

आणि मामाजींचे सख्खे भाऊ-बहीण, तसंच तुमचे यजमान आणि दीर, यांचे डोळे एकदा कोनासकट तपासून घ्या. सख्ख्या नात्यात हा आजार जास्त निघतो. दीर आज तिथे जाणारच आहेत. काडीची जखम बरी झाली की त्यांचा दाब आणि कोन त्याच डॉक्टरांकडून बघून घ्या.